दगडाची आठवण आणि साहेबांचं बोट

त्या संस्थेच्या तळमजल्यावर एक लांबलचक बोळ होता आणि बोळाच्या दोन्ही भिंतींवर चौकटीत बसवलेले फोटो होते. अणूंच्या रांगा, मोती ओवावेत तशा रेखीव. प्रत्येक फोटोखाली तो काढणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत आणि विभागप्रमुखांचं ठळक अक्षरांत. येणारा पाहुणा तिथे थांबे, मान तिरकी करी आणि ‘वा’ म्हणे. कशाला वा म्हटलं ते त्यालाही ठाऊक नसे. पण चित्र स्पष्ट असलं की आपल्याला काहीतरी कळलं असं माणसाला उगाच वाटतं.

त्याच बोळातून रोज ये-जा करणाऱ्या एका बाईचा फोटो मात्र त्या भिंतीवर कधी लागला नाही, कारण तिचे फोटो अंधुक असत. संस्थेत तिला सगळे धूसरताई म्हणत. तोंडावर म्हणत, हा त्यांचा त्यातल्या त्यात चांगुलपणा.

धूसरताईचा गुन्हा इतकाच की ती चुंबकांचा अभ्यास करी. नुसत्या डोळ्यांनी जन्मात दिसणार नाहीत असे लोखंड-निकेलचे कण, आणि त्या कणांत चुंबकाचं तोंड कुठे वळलंय, हे ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघे. आता या यंत्राची गंमत अशी की त्यात काचेचं भिंग नसतं. इलेक्ट्रॉनला काचेचं सोयरसुतक नाही, त्याला वळवायला चुंबकच लागतो. म्हणजे यंत्राचं मुख्य भिंग हाच एक दांडगा चुंबक, आणि नमुना ठेवायची जागा नेमकी त्याच्या जबड्यात. साध्या मातीचा नमुना असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. पण नमुनाच चुंबकी असला आणि ते भिंग चालू केलं, की कणाकणातली जुनी दिशा पुसली जाते आणि सगळे कण भिंग म्हणेल तिकडे माना वळवून उभे राहतात.

म्हणून धूसरताई मुख्य भिंग बंद ठेवून, लांबच्या एका दुबळ्या भिंगावर काम भागवी. वर आणखी पंचाईत अशी की चित्र मुद्दाम थोडं अंधुक ठेवावं लागे. फोकस बरोबर जुळला की चुंबकांच्या हद्दी दिसेनाशा होतात. तो जरासा बिघडवला की त्याच हद्दी काळ्या-पांढऱ्या रेघा होऊन उमटतात. म्हणजे इथे बघायचं असेल तर नीट बघायचं नाही, असा सगळा मामला. एकदा ऐकून घेतलं तर समजायला सोपं आहे. ऐकून घ्यायला मात्र त्या संस्थेत कुणाला सवड नव्हती.

घरी तरी वेगळं काय होतं! तिच्या सासऱ्यांनी सारी हयात फोटो स्टुडिओ चालवलेला. संध्याकाळी ती चपला काढते न काढते तोच ते विचारत, “काय सूनबाई, आज काय काढलंस?”

“आजही अंधुकच, बाबा.”

“वा! मी असा एक फोटो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला असता ना, तर त्यानं स्टुडिओच्या काचा फोडल्या असत्या.”

“तुमची गिऱ्हाइकं नटूनथटून येत होती. माझं गिऱ्हाईक दगड आहे.”

“दगड बरा. आपलं नाक मोठं आलंय म्हणून भांडत तरी नाही.”

तो दगड खरोखरच होता, आणि साधासुधा नव्हता. आकाशातून पडलेला. संग्रहालयात काचेच्या पेटीत तो ऐटीत बसून होता आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून धूसरताईने संग्रहालयाचे उंबरठे झिजवले होते. अखेर तिथल्या व्यवस्थापकाने नखाएवढा एक कपचा काढून दिला, तोही असा चेहरा करून की जणू पोटच्या पोरीची पाठवणी करतोय. “हा शेवटचा,” तो म्हणाला. “पुन्हा या, बसा, पण दगडाचं नाव काढू नका.”

धूसरताईला त्या दगडाला एकच गोष्ट विचारायची होती. असा दगड जन्माच्या वेळी तापलेला असतो. तो थंड होताना आजूबाजूला चुंबक असेल, तर त्याच्यातले कण त्या चुंबकाकडे कलतात आणि मग कोट्यवधी वर्षं तसेच राहतात. चुंबक नसेल, तर ज्याला जिकडे वाटेल तिकडे तोंड. ज्या मोठ्या गोळ्याचा हा तुकडा, त्याच्या पोटात चुंबक होता की नव्हता? दगडाला तेवढं आठवत होतं. त्याच्याकडून ते काढून घ्यायचं होतं, त्याला धक्का न लावता.

त्यासाठी तो कपचा इतका पातळ करायला हवा होता की इलेक्ट्रॉन आरपार जावा. हे काम पातळकाकांचं. जाड वस्तू पातळ करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, बोलणं मात्र त्यांना कधी पातळ करता आलं नाही. कितीतरी दिवस घासून-पुसून त्यांनी एक छोटी डबी तिच्या पुढ्यात ठेवली.

“ताई, दोन चकत्या निघाल्या. तिसरी मागू नका.”

“तिसरीचं काय झालं?”

“ती इतकी पातळ झाली की आता आहे की नाही यावर मतभेद आहेत. मी म्हणतो आहे. डबी म्हणते नाही.”

त्या संस्थेत एक रीत होती. पाहुणे खोलीत आले की यंत्रावर बसलेल्या माणसाने उठायचं आणि खुर्ची प्रमुखांना द्यायची. कुठे लिहिलेली नव्हती, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा जास्त पाळली जाई. प्रमुख मग खुर्चीत बसत, कोटाची बाही जराशी मागे सारत आणि एखादी कळ फिरवत. कोणती फिरवायची हे त्यांना आठवत असे तोवर काही बिघडत नव्हतं.

धूसरताईने पहिली चकती यंत्रात घातली, त्याच सकाळी देणगीदारांची मंडळी संस्था बघायला आली. ती कुणाला कल्पना न देता येतील असं कसं होईल, सगळ्यांना कल्पना होती. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुख्य भिंग बंद होतं. पडद्यावर कणांची बेटं नुकती दिसू लागली होती. त्यांच्या कडांवर काळ्या-पांढऱ्या रेघा, एका बेटाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे, भावकीत भांडण झाल्यासारखी. ती कॅमेरा जुळवत होती, तेवढ्यात दार उघडलं.

“या, या! हे आमच्या संस्थेचं हृदय!” प्रमुख म्हणाले. प्रत्येक खोलीत शिरताना ते हेच म्हणत. संस्थेला हृदयं बरीच होती. डोकं कुठल्या खोलीत आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

एका देणगीदाराने पडद्याकडे बघून हळूच विचारलं, “हे... बिघडलंय का?”

“छे छे!” प्रमुख हसले. शेंबड्या पोराला पाहुण्यांसमोर आणल्यावर बाप हसतो तसे. “ताई, उठा जरा.”

ती उठली. रीतच होती. पण उठता उठता म्हणाली, “साहेब, मुख्य भिंग बंदच राहू द्या. नमुना चुंबकी आहे, त्याची...”

“अहो, हे यंत्र आलं ना, तेव्हा पहिल्यांदा मीच चालवलंय.”

हे अगदी खरं होतं. तेव्हापासून यंत्रात बरेच बदल झाले होते. प्रमुखांत झाले नव्हते.

त्यांनी चकती एका अंगाला चांगली तिरकी केली, अणूंच्या रांगा जुळाव्यात म्हणून. आणि बोटाने मुख्य भिंगाचं बटण दाबलं. पडद्यावर मोत्यांच्या माळा झळकल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मोबाइलवर फोटो काढला, त्यात पडदा थोडा आणि प्रमुख पुष्कळ आले. धूसरताई भिंतीला टेकून उभी होती.

मंडळी गेल्यावर तिने भिंग बंद केलं, चकती सरळ केली, चित्र परत अंधुक केलं. आता सगळ्या बेटांची डावी कड पांढरी आणि उजवी काळी. एकजात सगळ्यांची. कवायतीला उभी केल्यासारखी. आकाशात भटकताना जे टिकलं, जमिनीवर आदळूनही जे टिकलं, ते एका बोटासरशी गेलं.

ती प्रमुखांच्या मागे धावत बोळात गेली. “साहेब, सगळे कण एकाच दिशेला वळलेत. पुसलं गेलं.”

“काय पुसलं गेलं?”

“दगडाची आठवण.”

“काहीतरीच काय! इतकं लख्ख दिसत होतं की.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. रात्री माणसाला चांगली झोप लागली, आणि ती आपल्याच विचारांच्या कुशीत लागली, की येतं तसं.

“ताई, काल तुम्ही म्हणालात की सगळे कण एकाच दिशेला आहेत?”

“हो, कारण तुम्ही...”

“थांबा. याचा अर्थ काय होतो? या दगडाच्या जन्माच्या वेळी प्रचंड चुंबक होता! महाचुंबक! आजवर कुणाला सापडलेला नाही.”

“चुंबक होता साहेब. पण तो कालपासून काय, कायमचाच आपल्या खोलीत आहे. काल तुमच्या उजव्या हाताखाली होता.”

“बरं. त्याआधी कण विखुरलेले होते, याचा फोटो आहे?”

“कॅमेरा लावत होते, तेवढ्यात तुम्ही आलात.”

“म्हणजे नाही.” प्रमुख मागे टेकले. “बघा, मला तुमचं मन मोडायचं नाही. पण विज्ञान पुराव्यावर चालतं, ताई.”

तिला वाटलं होतं माणूस लबाडी करतोय. पण तो लबाडी करत नव्हता, तो खूश होता. लबाडाशी वाद घालता येतो. खूश माणसाला काय सांगणार, कप्पाळ!

“आपलं काम तपासायला समिती येतेय पुढच्या आठवड्यात,” ते म्हणाले. “दुसरी चकती आहे ना तुमच्याकडे? तीही त्यांच्यासमोर तशीच बघू. आधी स्पष्ट, मग अंधुक. दोन्हींत एकच दिशा निघाली की शिक्कामोर्तब. आणि हो, तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे. आठवण करा मला.”

आता जगात त्या दगडाची न पुसलेली एकच चकती उरली होती, आणि तिच्या नशिबी तेच बटण लिहिलेलं होतं. चकती तिच्या कपाटात होती. पातळकाकांनी ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

“सरळ सांगा, फुटली.”

“खोटं बोलू?”

“ताई, फुटलेल्या वस्तूला कुणी पुरावा मागत नाही. वाटलं तर मी फोडली म्हणा. माझ्या नावावर एक मतभेद आहेच.”

“आणि मग? फुटलेली चकती मी पुन्हा यंत्रात कशी घालू? ती लपवली काय आणि पुसली काय, दगड मुकाच राहणार.”

पातळकाकांनी लोटलेलं दार परत उघडलं.

घरी त्या संध्याकाळी सासऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तिने नेहमीचं उत्तर दिलं नाही. सगळं सांगितलं. ऐकताना म्हातारबुवांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

“माझ्याकडे एकदा असंच झालं,” ते म्हणाले. “लग्नाचे फोटो. मी आत अंधारात फिल्म धुतोय, आणि नवरदेवाच्या भावानं दार उघडलं. ‘काय चाललंय बघू तरी!’ झालं. सगळी वरात काळीठिक्कर.”

“मग?”

“मग काय, लग्न परत लावा म्हटलं. नवरी तयार होईना. एव्हाना तिनं नवऱ्याला जवळून बघितलं होतं.”

धूसरताईला हसू आलं, तिच्या मनात नसताना.

“आणि त्या भावाला कळलं का, आपण काय केलं ते?”

“कशाचं कळतंय! मला म्हणे, तुमची फिल्मच नासकी. दार उघडल्यानं कुठं फोटो जातात होय? शेवटी एक कोरी फिल्म घेतली, त्याच्या हातानं उजेडात धरायला लावली आणि त्याच्यासमोर धुतली. मग म्हणतो कसा, आधी सांगायचंत ना!”

धूसरताईने पर्स उघडून कपाटाची किल्ली जागेवर आहे ना ते बघितलं. मग म्हणाली, “बाबा, नासलेली फिल्म आहे माझ्याकडे एक.”

“मग चांगली कशाला नासवतेस?” सासरे म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

समितीच्या दिवशी बोळात एक मोठा फलक लागला होता, ‘प्राचीन महाचुंबकाचा शोध’. खाली मोत्यांच्या माळांचा फोटो. त्यात चुंबकाचा मागमूस नव्हता, पण होता स्पष्ट. समितीच्या अध्यक्षा किडकिडीत अंगाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवणाऱ्या बाई होत्या. त्यांचा विषय रसायनाचा. त्या फलकासमोर थांबल्या, पण ‘वा’ म्हणाल्या नाहीत. धूसरताईला थोडा धीर आला.

खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. चहाचे कप आत आले. प्रमुखांनी बाही मागे सारली. “चला ताई, आता दुसरी चकती...”

“साहेब, आधी पहिली दाखवू या का? महाचुंबक तिच्यातच सापडलाय.”

स्वतःच्या शोधाला नको कोण म्हणेल? “जरूर, जरूर!” म्हणत ते खुर्चीकडे वळले. धूसरताई उठली नाही. बूड तिने जागचं हलू दिलं नाही.

“तुम्ही सांगा साहेब, मी चालवते. चालवणारे काय, पुष्कळ असतात.”

हे प्रमुखांना मनापासून पटलं. ते उभ्या उभ्या सांगू लागले.

पडद्यावर बेटं आली. “सगळ्यांची डावी कड पांढरी आहे,” धूसरताई म्हणाली. “म्हणजे सगळ्या चुंबकांची तोंडं एकाच दिशेला. ही दिशा दगडाच्या जन्मापासूनची. बरोबर ना, साहेब?”

“शंभर टक्के!”

“आता चकती तिरकी करते. त्या दिवशी साहेबांनी केली होती त्याच्या उलट्या अंगाला. आता मुख्य भिंग चालू.” मोत्यांच्या माळा झळकल्या. एकदोघे ‘वा’ म्हणाले. “आता भिंग बंद. चकती सरळ. चित्र परत अंधुक.”

सगळ्या बेटांची उजवी कड पांढरी होती.

अध्यक्षाबाईंनी चष्मा वर सरकवला. “आत्ता डावीकडे होती ना?”

“होती.”

“मग ती कोट्यवधी वर्षांपूर्वीची दिशा...?”

“फिरली. चकती ज्या अंगाला तिरकी, त्या अंगाला भिंग तोंडं वळवतं. परत हवी असेल तर परत आणते. तुम्ही बाजू सांगा.”

“वरच्या बाजूला होईल?” मागून एका सदस्याने विचारलं. त्याला खरंच उत्सुकता होती.

“या चकतीत आम्हाला किती जुनी गोष्ट दिसतेय मग?” अध्यक्षाबाईंनी विचारलं.

“चहा आला, त्यानंतरची.”

प्रमुखांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. आणि मग, हे मात्र मानायला हवं, तो माणूस फार पटकन सावरला. “हेच!” ते ओरडले. “नेमकं हेच मला समितीला दाखवायचं होतं! या कामात किती सावधगिरी लागते!”

त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. अध्यक्षाबाई धूसरताईच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. “दुसरी चकती?”

“तिच्यावर ते बटण अजून कुणी दाबलेलं नाही.”

“मग दाबू नका,” बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांनी मान पुरती वळवली आणि ज्याला सांगायचं त्याच्याकडे बघून सांगितलं.

दुसरी चकती आत गेली. मुख्य भिंग बंद. बऱ्याच वेळाने अंधुक पडद्यावर बेटं वर आली. एक इकडे बघतंय, एक तिकडे, तिसऱ्याने दोघांकडे पाठ फिरवलेली. त्या सकाळी जे ओझरतं दिसलं होतं, तेच होतं.

“जरा फोकस केलंत तर...” मागचा तोच सदस्य म्हणाला.

“तुम्ही चहा घ्या,” अध्यक्षाबाई म्हणाल्या. मग धूसरताईला, “म्हणजे काय निघालं?”

“या तुकड्यापुरतं सांगते. दगड थंड होत होता तेव्हा आसपास सांगण्याजोगा चुंबक नव्हता.”

“म्हणजे काहीच नव्हतं.”

“हो. पण हे दगड सांगतोय.”

अध्यक्षाबाईंनी मान हलवली. ती पसंतीची होती की निराशेची, हे कळायच्या आत मंडळी जेवायला निघाली. ‘काहीच नव्हतं’ ही बातमी उपाशीपोटी ऐकण्यासारखी नसते. बोळात पातळकाका शिडीवर चढून फलक उतरवत होते आणि खाली जमलेल्यांना त्याचं कापड किती पातळ आहे ते समजावत होते.

धूसरताई जेवायला गेली नाही. ती एकामागून एक फोटो घेत बसली. जरा वेळाने दार वाजलं. प्रमुख होते, एकटे. त्यांनी खुर्ची मागितली नाही. मागे स्टूल होतं, त्यावर बसले. मोठ्या माणसाला स्टूल शोभत नाही, पण बसले.

“ते पहिलं,” ते म्हणाले, “ते खरंच गेलं का? काही उपाय?”

“नाही, साहेब.”

“मला वाटलं होतं, तुम्ही उगाच...” ते थांबले. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. “हे एक तिकडे वळलंय, आणि हे इकडे. असंच ना?”

“असंच.”

“हे असं अंधुकच छापायचं?”

“अंधुकच.”

“आणि माझं नाव?”

“शेवटी. नेहमी असतं तिथेच.”

“हरकत नाही. नाव तेवढं स्पष्ट छापा. आणि तो तुमचा मुदतवाढीचा कागद, तो मी बघतो. म्हणजे सही करायचाच विचार होता, पण मध्येच हे समितीचं...”

पुढचा फोटो घ्यायची वेळ झाली होती. फोटो घेताना त्या खोलीत कुणी बोलायचं नसतं. आवाजाने यंत्राला बारीकशी थरथर येते आणि मग अंधुकसुद्धा नीट येत नाही. धूसरताईने मागे न बघता ओठांवर बोट ठेवलं.

प्रमुख गप्प बसले.